दुसरं महायुद्ध आणि त्यानंतरच्या ब्रिटिश पाणबुड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन यू-बोटींबद्दल मराठीत बरंच वाचायला मिळतं, ब्रिटिश पाणबुड्यांबद्दल फारच थोडं. त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सर्व प्रश्नांना सारखी जागा दिलेली नाही. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी थांबलो आहे.

एस, टी, यू, ए ही कसली नावं? पाणबुडीचा ‘वर्ग’ म्हणजे काय?

एकाच आराखड्यावर बांधलेल्या पाणबुड्यांचा मिळून एक वर्ग होतो. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलात एका वर्गातल्या पाणबुड्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होत. टी वर्गात ट्रायम्फ, टॉर्बे, ट्रेंचंट. एस वर्गात सीराफ, स्टॉर्म, सायडन. यू वर्गात अपहोल्डर, अर्सुला, अनबीटन. नाव कानावर पडलं की वर्ग कळायचा.

युद्धाच्या मधल्या वर्षांत मात्र बऱ्याच पाणबुड्या नावाशिवाय, नुसत्या ‘पी’ आणि आकड्यावर समुद्रात गेल्या. १९४२ च्या अखेरीस पंतप्रधान चर्चिल यांनी याला हरकत घेतली. जी माणसं जीव धोक्यात घालून जातात त्यांच्या बोटीला नाव असलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि मग भराभर नावं देण्यात आली. ‘पी ३११’ या टी वर्गातल्या पाणबुडीसाठी ‘तुतनखामेन’ हे नाव ठरलं होतं. ते लागू होण्याआधीच, जानेवारी १९४३ च्या सुमारास, ती सार्डिनियाजवळच्या मोहिमेतून परतलीच नाही. टी वर्गातली विनानावाची ती एकटीच.

त्या काळच्या पाणबुड्या खरंच पाण्याखालून फिरायच्या का?

बहुतेक वेळ नाही. बाकी सगळं समजण्यासाठी हा मुद्दा आधी लक्षात घ्यायला हवा.

पाण्यावर असताना त्या डिझेल इंजिनांवर चालत आणि त्याच वेळी बॅटऱ्या चार्ज करून घेत. बुडी मारली की डिझेल बंद, कारण इंजिनाला हवा लागते. मग बॅटरीवरच्या विजेच्या मोटारी सुरू होत. टी वर्गाचा पाण्यावरचा वेग १५ नॉट्सच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) थोडा वर होता आणि पाण्याखाली ९ नॉट्स. तोही पूर्ण जोर लावला तर तासाभरात बॅटरी संपे. त्यामुळे पाण्याखाली बहुतेक वेळ माणसाच्या चालीने, दोन-तीन नॉट्सने सरकायचं.

दिनक्रम असा : पहाटे बुडी, दिवसभर पेरिस्कोपवर नजर, अंधार पडला की वर येऊन हवा आणि बॅटरी भरून घ्यायची. उत्तर नॉर्वेच्या उन्हाळ्यात रात्र जवळपास नसतेच, त्यामुळे तिथे ब्रिटिश पाणबुड्यांची फार ओढाताण होई. १९४५ नंतरच्या सगळ्या आराखड्यांची धडपड या एका अडचणीतून सुटण्यासाठी होती.

एस, टी आणि यू यांत सर्वांत चांगला वर्ग कोणता?

कोणत्या समुद्रासाठी, ते आधी ठरवावं लागेल. समुद्र न सांगता लावलेल्या क्रमवारीला माझ्या मते काही अर्थ नाही.

टी वर्ग लांबच्या समुद्रासाठी होता. पाण्यावर सुमारे १,३०० टन, लांबी ८४ मीटरच्या आसपास, एकूण ५३ बांधल्या गेल्या. पहिल्या तुकडीच्या पुढच्या बाजूला दहा टॉर्पेडो नळ्या होत्या. दहा टॉर्पेडो एकदम सोडता येणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. त्यामागे सरळ हिशेब होता : विमानं आणि सोनार (ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणारं यंत्र) यांच्यामुळे यापुढे लांबूनच मारा करावा लागणार, लांबून नेम चुकणार, म्हणून एका वेळी जास्त टॉर्पेडो सोडायचे. भूमध्य समुद्रात मात्र याच टी बोटींचा मोठा आकार अंगाशी आला. पाणी नितळ, किनाऱ्यालगत खोली कमी, आणि वरून विमानाला बोटीची सावली दिसे. या वर्गातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणबुड्या युद्धात नष्ट झाल्या.

एस वर्ग मधल्या आकाराचा. उत्तर समुद्र आणि भूमध्य समुद्र यांसाठी सोयीचा, बुडी मारायला चपळ. ६२ बांधल्या गेल्या, ब्रिटनने कोणत्याही एका वर्गात बांधलेल्या पाणबुड्यांचा हा सर्वांत मोठा आकडा. एप्रिल १९४३ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर खोटी कागदपत्रं असलेलं प्रेत सोडून जर्मनांना चकवण्याची जी मोहीम झाली, ते प्रेत नेणारी सीराफ याच वर्गातली.

यू वर्गाची गोष्ट निराळी आहे, म्हणून तिला वेगळा प्रश्न दिला आहे.

सरावासाठी बांधलेल्या यू वर्गाने माल्टाची लढाई कशी लढवली?

यू वर्गाचा मूळ हेतू लढाईचा नव्हताच. आपल्याच विनाशिकांना पाणबुडी शोधण्याचा सराव देता यावा म्हणून ही छोटी, स्वस्त बोट आखली गेली. आराखडा चालू असतानाच तिच्यात टॉर्पेडो नळ्या बसवण्याचं ठरलं. पाण्यावर साधारण ६३० टन, लांबी ५८ मीटर, तीसेक माणसं. पाण्यावर जेमतेम ११ नॉट्स, म्हणजे बऱ्याचशा व्यापारी जहाजांनाही गाठता येणार नाही असा वेग.

१९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेलच्या आफ्रिकेतल्या सैन्याची सगळी रसद इटलीहून समुद्रमार्गे लिबियाला जात होती आणि ब्रिटिशांच्या ताब्यातलं माल्टा बेट बरोबर त्या वाटेवर होतं. तिथल्या दहाव्या ताफ्यात बहुतेक यू वर्गाच्याच बोटी होत्या. तळ कसला, तर एका बेटावरचं जुनं लाझारेटो, म्हणजे रोगाच्या संशयावरून प्रवाशांना अडकवून ठेवायची इमारत. हवाई हल्ले इतके सतत होत की गस्तीवरून परतलेल्या बोटी दिवसा बंदरातच तळाला बसून राहत. आकार लहान, आवाज कमी, उथळ पाण्यात वावरायला सोपी : सरावाच्या बोटीचे हे गुण तिथे नेमके कामी आले.

अपहोल्डर आणि तिचा कप्तान माल्कम डेव्हिड वॉन्क्लिन यांचं नाव याच ताफ्यातून पुढे आलं. २४ मे १९४१ च्या संध्याकाळी अपहोल्डरचं ऐकण्याचं यंत्र बंद पडलेलं होतं. तशाही अवस्थेत वॉन्क्लिनने ‘कोंते रोसो’ हे सैनिक वाहून नेणारं मोठं जहाज बुडवलं. पाठोपाठ वीसेक मिनिटांत ३७ डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, अंगावर आले. त्या हल्ल्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

१८ सप्टेंबर १९४१ चा प्रसंग कौशल्य म्हणून मला याहून मोठा वाटतो. पहाटेचा अंधार, समोर सैनिकांनी भरलेली मोठी जहाजं, आणि अपहोल्डरचा जायरो होकायंत्र बिघडलेला. साध्या चुंबकीय होकायंत्रावर सुकाणू धरल्यामुळे बोटीचं नाक सारखं डावी-उजवीकडे झुलत होतं. टॉर्पेडो जिकडे नाक तिकडे जाणार. वॉन्क्लिनने ते झुलणं थांबवण्याचा नाद सोडला आणि झोक्याच्या नेमक्या क्षणी एकेक करत चार टॉर्पेडो सोडले. अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास. ‘नेप्तुनिया’ आणि ‘ओचेआनिया’, प्रत्येकी १९ हजार टनांवरची, दोन्ही जहाजं लागली. नेप्तुनिया बुडालं, ओचेआनियाला त्याने नळ्या पुन्हा भरून गाठलं.

एप्रिल १९४२ मध्ये अपहोल्डर २५ व्या गस्तीवर गेली आणि परतली नाही. त्या गस्तीनंतर ती इंग्लंडला घरी जाणार होती.

थेटिसची दुर्घटना नेमकी कशी झाली?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देणं त्या ९९ माणसांवर अन्याय होईल.

थेटिस ही टी वर्गातली नवी कोरी पाणबुडी, बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत बांधलेली. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात तिची बुडी मारण्याची चाचणी होती. बोटीवर १०३ माणसं होती. नेहमीचे खलाशी त्यांतले निम्मेच, बाकीचे गोदीचे कामगार, तंत्रज्ञ, निरीक्षक.

बोट बुडी मारेना. वजन कमी पडत होतं. पुढच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या टॉर्पेडो नळ्यांत हिशेबाप्रमाणे पाणी आहे की नाही, हे पाहायचं ठरलं. प्रत्येक नळीला दोन दारं असतात, बाहेरचं समुद्राकडे आणि आतलं बोटीत. बाहेरचं दार उघडं असताना आतलं उघडलं तर समुद्र थेट आत येणार. ही चूक टाळण्यासाठी आतल्या दारावर एक बारीक तोटी असते. ती फिरवायची, पाणी उडालं तर नळी भरलेली, नाही उडालं तर रिकामी.

५ क्रमांकाची तोटी फिरवली, पाणी आलं नाही. नळी रिकामी समजून आतलं दार उघडलं, आणि समुद्र आत घुसला. बाहेरचं दार सताड उघडं होतं. तोटीतून पाणी न येण्याचं कारण नंतर सापडलं : नळीला आतून रंग देताना तोटीचं बारीक भोक रंगाने बुजलं होतं. ते साफ करायची सळई तिथेच होती. ती वापरली गेली नाही.

पुढचे दोन कप्पे भरले आणि बोट नाकावर उभी राहिली. लांबी ८० मीटरहून अधिक, समुद्र तिथे पन्नासेक मीटर खोल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शेपटी पाण्याबाहेर दिसत होती, मदतीला आलेली जहाजं भोवती उभी होती, आणि आत दुप्पट माणसांच्या श्वासाने हवा विषारी होत चालली होती. सुटकेच्या कप्प्यातून चौघे बाहेर आले. त्यानंतर कोणी आलं नाही.

बोट पुढे वर काढली, दुरुस्त केली, ‘थंडरबोल्ट’ असं नवं नाव देऊन युद्धात उतरवली. मार्च १९४३ मध्ये इटालियन युद्धनौकेने ती सर्व माणसांसह बुडवली. थेटिसनंतर ब्रिटिश पाणबुड्यांच्या टॉर्पेडो नळ्यांच्या आतल्या दाराला एक जादा खिटी बसवली गेली. तिच्यामुळे दार आधी किंचितच उघडतं आणि पाणी असेल तर लगेच परत लावता येतं. खलाशी तिला ‘थेटिस क्लिप’ म्हणत.

थ्रॅशरवरच्या बॉम्बची गोष्ट खरी आहे का?

शंभर टक्के खरी. १६ फेब्रुवारी १९४२, क्रीट बेटाजवळ. विमानहल्ल्यात टी वर्गाच्या थ्रॅशरवर दोन बॉम्ब पडले आणि फुटले नाहीत. रात्री बोट वर आल्यावर हे लक्षात आलं. एक बॉम्ब वरचा पत्रा आणि पाण्याचा दाब सोसणारं आतलं कवच यांच्या मधल्या अरुंद पोकळीत अडकला होता. लेफ्टनंट पीटर रॉबर्ट्स आणि पेटी ऑफिसर थॉमस गूल्ड तिथे पोटावर सरपटत गेले. गूल्ड उताणा झोपून बॉम्ब छातीशी धरून राहिला आणि रॉबर्ट्स त्याला खांद्यांना धरून इंचाइंचाने ओढत राहिला. बॉम्ब हलला की आतून झणझण आवाज येई. शत्रूचं जहाज दिसलं असतं तर कप्तानाला बुडी मारावीच लागली असती आणि हे दोघे तिथेच बुडाले असते, हे दोघांनाही ठाऊक होतं. असं पन्नासेक मिनिटं चाललं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पाण्याखाली असलेल्या पाणबुडीने पाण्याखालचीच दुसरी पाणबुडी बुडवली, असं कधी झालंय?

फक्त एकदा. ९ फेब्रुवारी १९४५, नॉर्वेच्या फेड्ये बेटाजवळ. यू वर्गाच्याच आराखड्यावर पुढे आलेल्या व्ही वर्गातली ‘व्हेंचरर’, कप्तान लेफ्टनंट जेम्स लाँडर्स. समोर जपानकडे निघालेली जर्मन ‘यू-८६४’, पोटात सुमारे ६७ टन पारा.

त्या काळच्या नेम धरण्याच्या यंत्राला, म्हणजे खलाशांच्या भाषेतल्या ‘फ्रूट मशीन’ला, तीन गोष्टी पुरवाव्या लागत : शत्रूचा वेग, दिशा, अंतर. खोली हा प्रश्नच नव्हता, कारण लक्ष्य पाण्यावर असे. इथे लक्ष्य खाली होतं आणि नागमोडी चाललं होतं. लाँडर्सने काही तास नुसत्या आवाजावर पाठलाग केला, त्या नागमोडी चालीचा ठेका ओळखला, खोली अंदाजाने धरली आणि चारही नळ्यांतून वेगवेगळ्या खोलीला टॉर्पेडो सोडले. जर्मन बोट पहिले तीन चुकवताना चौथ्याच्या वाटेत आली. तिच्यावरचे ७३ जण गेले. व्हेंचररला चारच नळ्या होत्या, दुसरी संधी नव्हती.

हिंदी महासागरात या पाणबुड्या आल्या होत्या का?

आल्या होत्या, आणि त्यांचा मोठा तळ आपल्याजवळच, श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला होता. तिथून मलाक्काची सामुद्रधुनी आणि पेनांगपर्यंत गस्ती जात. पेनांगला जपानी आणि जर्मन पाणबुड्यांचा तळ होता. अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात आपल्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर हल्ले करणाऱ्या बोटी तिथूनच निघत, म्हणून पेनांगच्या तोंडाशी दबा धरून बसणं महत्त्वाचं होतं. नोव्हेंबर १९४३ मध्ये टॉरसने तिथे ‘आय-३४’ ही जपानी पाणबुडी बुडवली. ११ जानेवारी १९४४ रोजी टॅली-होने जपानी क्रूझर (वेगवान युद्धनौका) ‘कुमा’ बुडवली. पुढच्याच महिन्यात एका जपानी टॉर्पेडो बोटीशी टक्कर होऊन तिच्या पंख्याने टॅली-होच्या एका बाजूच्या बॅलास्ट टाक्या (बुडी मारायला ज्यांत पाणी भरतात त्या) फाडल्या. बोट एका अंगाला कललेली, तशीच घेऊन खलाशी तळावर परतले. ८ जून १९४५ ला ट्रेंचंटने ‘आशिगारा’ या मोठ्या जपानी क्रूझरवर आठ टॉर्पेडो सोडले, त्यांतले पाच लागले.

याच भागात लढलेल्या स्टॉर्मचा कप्तान एडवर्ड यंग मुळात नौदलाचा नव्हे, प्रकाशन व्यवसायातला माणूस. पेंग्विन प्रकाशनाचं पेंग्विनचं बोधचिन्ह त्याच्याच हातचं. युद्धकाळात राखीव दलातून भरती झालेल्यांपैकी ब्रिटिश पाणबुडीचा कप्तान होणारा तो पहिला.

चार माणसांच्या छोट्या पाणबुड्या होत्या म्हणतात, त्या कोणत्या?

एक्स-क्राफ्ट. लांबी पंधरा-सोळा मीटर. सप्टेंबर १९४३ मध्ये अशा सहा बोटी मोठ्या पाणबुड्यांनी ओढत नॉर्वेकडे नेल्या. त्यांतल्या एक्स-६ आणि एक्स-७ यांनी फ्योर्डमधली सुरक्षा जाळी पार करून ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेखाली दोन-दोन टनांचे स्फोटक ठेवले. टिर्पिट्झ पुढचे सहा महिने निकामी झाली. ३१ जुलै १९४५ ला सिंगापूरजवळ एक्सई-३ ने ‘ताकाओ’ क्रूझरवर असाच हल्ला केला. दोन्ही मोहिमांत मिळून चार व्हिक्टोरिया क्रॉस.

ए वर्ग युद्धात का दिसत नाही?

उशीर झाला. पॅसिफिकच्या अफाट अंतरांसाठी हा वर्ग आखला : वेग साडेअठरा नॉट्स, वातानुकूलन, आणि तुकड्या-तुकड्यांत वेल्डिंग करून जोडलेलं कवच. वेल्डिंगमुळे १५० मीटरपर्यंत जाता येई. रिव्हेट मारलेल्या टी वर्गाची मर्यादा ९० मीटर होती. ४६ मागवल्या होत्या. पहिली अँफियन मार्च १९४५ मध्ये तयार झाली, लगेच युद्ध संपलं, आणि सोळाच पुऱ्या झाल्या.

स्नॉर्ट म्हणजे काय? त्याने काय बदललं?

पाण्याखाली राहून वर हवेची नळी काढायची आणि डिझेल चालवायचं. युरोपात हे आधी डच लोकांनी वापरलं, जर्मनांनी ते उचलून यू-बोटींवर बसवलं, आणि युद्धानंतर ब्रिटिशांनी ‘स्नॉर्ट’ या नावाने घेतलं. आता बॅटरी भरायला वर येण्याची गरज उरली नाही. १९४७ मध्ये ए वर्गाची अलायन्स आफ्रिकेच्या पश्चिमेला सलग ३० दिवस पाण्याखाली राहिली. १९५३ मध्ये त्याच वर्गाची अँड्र्यू बर्म्युडाहून इंग्लिश खाडीपर्यंत सुमारे २,५०० मैल न वर येता आली.

त्रासही होता. लाट आली की नळीच्या तोंडाची झडप बंद होई, पण इंजिन हवा ओढतच राही, आणि मग ते बोटीतलीच हवा खेचे. कानांना दडे बसत, डोकी ठणकत.

अफ्रे आणि ट्रक्युलंट कशा गेल्या?

दोन्ही शांततेच्या काळात, पंधरा महिन्यांच्या अंतराने.

१२ जानेवारी १९५० च्या संध्याकाळी टेम्सच्या मुखाशी टी वर्गाची ट्रक्युलंट ‘दिविना’ या स्वीडिश टँकरला धडकली. बोटीवर गोदीचे १८ कामगारही होते. बरेचजण बुडालेल्या बोटीतून व्यवस्थित बाहेर पडले, पण वर जहाजं नव्हती. जानेवारीचं गार पाणी आणि ओहोटी त्यांना समुद्रात घेऊन गेली. ६४ जण दगावले. त्यानंतर ब्रिटिश पाणबुड्यांच्या नाकावर एक जादा दिवा आला, त्याला ‘ट्रक्युलंट दिवा’च म्हणतात.

१६ एप्रिल १९५१ ला ए वर्गाची अफ्रे इंग्लिश खाडीत सरावाला गेली. रात्री सव्वानऊला बुडी मारत असल्याचा संदेश आला, आणि नंतर काहीच नाही. ७५ जण, त्यांत शिकाऊ अधिकाऱ्यांची आख्खी तुकडी. बोट सापडायला जूनचा मध्य उजाडला. सुमारे ८६ मीटर खोलीवर पाण्याखालच्या टीव्ही कॅमेऱ्यात तिचं नाव वाचता आलं. स्नॉर्टची नळी बुंध्याशी मोडलेली होती. नळी मोडल्यामुळे बोट बुडाली, की आधी दुसरं काही घडलं, यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. समुद्रात गमावलेली ब्रिटिश नौदलाची ही शेवटची पाणबुडी. स्नॉर्टवर पुढे जे विश्वासाने फिरले, त्यांच्या आधी या ७५ जणांनी किंमत मोजली होती, हे ए वर्गाच्या विक्रमांसोबत सांगितलं जायला हवं.

जुन्या टी बोटींचं युद्धानंतर काय झालं?

वेल्डिंगच्या आठ बोटी मधोमध कापून त्यांत नवा भाग घातला : जादा बॅटरी, जादा मोटारी. तोफ काढली, बाहेरचं अंग गुळगुळीत केलं. पाण्याखालचा वेग ९ वरून १५ नॉट्सच्या आसपास गेला. त्यांतल्या तीन पुढे इस्राएलने घेतल्या. टोटेमचं नाव ‘डाकार’ झालं. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट्समथहून हैफाला जाताना ती ६९ जणांसह नाहीशी झाली. घरच्यांना ३१ वर्षं थांबावं लागलं. १९९९ मध्ये क्रीट आणि सायप्रसच्या दरम्यान जवळपास ३,००० मीटर खोलीवर ती सापडली.

हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या पाणबुड्या का बंद पडल्या?

कल्पना जर्मन प्रोफेसर वॉल्टरची. तीव्र पेरॉक्साइड फोडलं की वाफ आणि ऑक्सिजन मिळतो. त्यात इंधन जाळलं की बाहेरच्या हवेशिवाय टर्बाइन फिरतं. ब्रिटिशांनी जर्मन ‘यू-१४०७’ वर काढून अभ्यासली आणि एक्सप्लोरर व एक्सकॅलिबर बांधल्या. वेग २७ नॉट्सपर्यंत गेला. पण हे रसायन गंजाच्या किंवा घाणीच्या कणानेही पेट घेतं. खलाशी एक्सप्लोररला ‘एक्सप्लोडर’ म्हणू लागले.

त्याआधीच १६ जून १९५५ रोजी पोर्टलंड बंदरात एस वर्गाच्या सायडनमध्ये पेरॉक्साइडचा प्रायोगिक टॉर्पेडो फुटला आणि १३ जण गेले. त्यांत लोकांना बाहेर काढायला आत उतरलेला एक तरुण नौदल डॉक्टर होता. ती बोट त्याची नव्हतीही. ब्रिटनने असे टॉर्पेडो वापरण्याचा विचारच सोडून दिला. २००० साली रशियन ‘कुर्स्क’ बुडाली तीही पेरॉक्साइडच्या टॉर्पेडोमुळेच.

ऑबेरॉन वर्गाची एवढी तारीफ का होते?

शांतपणामुळे. आठ पॉर्पस आणि त्यानंतर ब्रिटिश नौदलासाठी तेरा ऑबेरॉन, १९५८ पासून १९६७ पर्यंत. पाण्याखाली १७ नॉट्स, पाण्यावर १२ : म्हणजे गणित आता उलटं झालं होतं. बोट पाण्याखालचीच होती, वर येणं हा अपवाद. बॅटरीवर हळू चालताना तिचा आवाज जवळजवळ येतच नसे, म्हणून शीतयुद्धात सोविएत किनाऱ्यांजवळ टेहळणीला हाच वर्ग धाडला जाई. ऑस्ट्रेलियाने सहा, कॅनडा आणि ब्राझीलने प्रत्येकी तीन, चिलीने दोन घेतल्या. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ओनिक्सने विशेष दलाची माणसं नेली. १९९१ च्या आखाती युद्धातही ओपॉसम आणि ओटस होत्या.

राहणीमान मात्र खडतरच. ६० च्या वर माणसं, पाण्याची काटकसर, आणि कपड्यांत मुरलेला डिझेलचा वास घरी गेल्यावरही जात नसे.

भारताने ऑबेरॉन का घेतली नाही?

भारतीय नौदलाची पहिली पसंती ब्रिटिश पाणबुडीलाच होती. आपले सुरुवातीचे पाणबुडी अधिकारी आणि खलाशी साठच्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्येच शिकून आले. पण भारताला परवडतील अशा उधारीच्या अटींवर पाणबुडी द्यायला ब्रिटन तयार झालं नाही, आणि १९६५ मध्ये सोविएत युनियनशी करार झाला. ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा इथे फॉक्सट्रॉट वर्गाची आयएनएस कलवरी दाखल झाली. तो दिवस आपल्याकडे पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश पद्धतीत शिकलेल्या माणसांना रशियन यंत्रं आणि रशियन भाषा नव्याने शिकावी लागली, आणि त्यांनी ती शिकली. पुढे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या जाऊ लागल्या त्या जर्मन आणि फ्रेंच आराखड्यांवर.

अणुपाणबुड्या कधी आल्या?

ड्रेडनॉट, २१ ऑक्टोबर १९६० ला पाण्यात उतरली, १९६३ मध्ये नौदलात आली. अणुभट्टी अमेरिकन, बाकी बोट ब्रिटिश. दोन्हींच्या मधल्या दारावर खलाशांनी बर्लिनच्या सीमेवरच्यासारखी ‘चेकपॉइंट चार्ली’ अशी पाटी लावली होती. १९६६ ची व्हॅलियंट पूर्णपणे ब्रिटिश. १९६७ पासून पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या रेझोल्यूशन वर्गाच्या चार आल्या. त्यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

अर्जेंटिनाची क्रूझर ‘बेलग्रानो’ बुडवणारा टॉर्पेडो महायुद्धातला होता, हे खरं का?

तोच टॉर्पेडो नव्हे, पण जात तीच : मार्क ८. वॉन्क्लिनच्या पिढीने वापरलेला, सरळ रेषेत जाणारा, कोणतंही मार्गदर्शन नसलेला. २ मे १९८२ रोजी अणुपाणबुडी काँकररकडे नवे टायगरफिश टॉर्पेडोही होते, पण त्यांची खात्री नव्हती. कप्तानाने तीन मार्क ८ सोडले, दोन लागले. अर्जेंटिनाचे ३२३ जण गेले.

ब्रिटनची शेवटची डिझेल पाणबुडी कोणती?

नवा अपहोल्डर वर्ग, १९९० ते १९९३. चारच झाल्या. शीतयुद्ध संपलं, १९९४ मध्ये त्या बाजूला ठेवल्या गेल्या आणि १९९८ च्या करारानुसार कॅनडाला दिल्या. त्यांतली मूळची अपहोल्डर ‘शिकूटिमी’ नावाने निघाली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये पहिल्याच प्रवासात तिला आग लागून एक अधिकारी दगावला. ब्रिटिश नौदलाकडे आज फक्त अणुपाणबुड्या आहेत.

या पाणबुड्या आत जाऊन कुठे पाहता येतात?

इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात ए वर्गाची अलायन्स आहे. वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर हीच पाहा. तिथेच एक्स-२४ आहे, युद्धात भाग घेऊन टिकलेली एकमेव एक्स-क्राफ्ट. चॅटमला ऑबेरॉन वर्गाची ओसेलॉट आहे. सिडनीत राहणाऱ्यांना डार्लिंग हार्बरला ऑन्स्लो जवळ पडेल, पर्थकडच्यांना फ्रीमँटलची ओव्हन्स. कॅनडात ओजिब्वा आणि ओनोंडागा आहेत. भारतात ब्रिटिश पाणबुडी नाही, पण विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची आयएनएस कुरसुरा ऑबेरॉनच्याच काळातली, जवळपास तेवढीच लांब. गोल दारातून जाताना आधी पाय घाला, मग डोकं.